पुढे न गेलेला रणगाडा

फोन लागला. पलीकडे घंटी वाजू लागली तसे मार्तंड पाठकांनी टेबलावरचे पत्र उचलले आणि शब्दकोशाखाली सरकवले, जणू हरियाणातल्या माणसाला ते तिथून दिसणार होते.

पत्र येऊन वर्ष होऊन गेले होते. वहीतून फाडलेला कागद, कॉलेजातल्या मुलीचे गोल अक्षर आणि खाली थरथरत्या हाताची सही: सोजराबाई शालिग्राम डव्हळे, मुक्काम सुलतानपूर. मजकूर त्यांना पाठ होता. ‘तुमच्या पुस्तकात लिवलं हाय का ड्रायवरनं पुढं जायाले नकार देल्ला. नाव तुमी नाई टाकलं, पण गावाले समजते. तो ड्रायवर म्हंजे माहे मालक. हे खरं हाय काय? हो का नाई, येवढंच लिवून पाठवजा.’

एका शब्दाचे उत्तर मागितले होते. मार्तंडरावांनी ते कितीदा तरी लिहायला घेतले. दर वेळी पहिल्याच ओळीत ‘बहुधा’ यायचे आणि दुसरीत ‘उपलब्ध साधनांनुसार’. असला कागद सुलतानपूरला पाठवण्यापेक्षा न पाठवलेला बरा, असे मनाशी म्हणून ते तो फाडत. पुढे पुढे लिहायला घेणेही थांबले. पत्र मात्र टेबलावरून हलले नाही.

“हैलो. कौन बोल रहा?”

आवाज म्हाताऱ्याचा होता, पण खणखणीत. मार्तंडरावांनी कागदावर आधीच लिहून ठेवलेले हिंदी वाचून दाखवले. आपण महाराष्ट्रातल्या नांदुऱ्याहून बोलत आहोत, निवृत्त ग्रंथपाल आहोत, रिसालदार साहेब ज्या चिलखती ब्रिगेडमध्ये होते तिच्या एकाहत्तरच्या लढाईचा इतिहास आपण मराठीत लिहिला आहे, आणि त्यातल्या एका रणगाड्याविषयी विचारायचे आहे. रिसालदार रतिराम तेव्हा दफेदार होते, त्या रणगाड्याचे कमांडर. रेजिमेंटच्या माजी सैनिकांकडून त्यांचा नंबर मिळाला त्यालाही काही आठवडे झाले होते. तो फिरवायचा धीर आज झाला होता.

“डव्हळे?” पलीकडचा आवाज म्हणाला. “सवार शालिग्राम? उसको कैसे भूलूंगा. मेरी गाड़ी चलाता था.”

मग रतिराम सांगत गेले आणि मार्तंडराव रिसीव्हर कानाशी दाबून ऐकत राहिले. सुरुंगांच्या पट्ट्यातून काढलेल्या अरुंद वाटेने रणगाडे धुक्यात पलीकडे उतरले होते. पुढे उसाचे रान होते. उसाच्या कडेला रतिरामांचा सेंच्युरियन थांबला. वर बुरुजात तिघे, आणि खाली पुढच्या बाजूला आपल्या खोबणीत एकटा शालिग्राम. एकमेकांची तोंडे दिसत नाहीत, बोलायचे ते कानावरच्या हेडफोनमधून. पुढे जायचा हुकूम आला. रणगाडा हलेना. डावीकडच्या झाडीतून शत्रूच्या रणगाड्याची नळी सावकाश आपल्याकडे वळताना रतिरामांना वरून दिसत होती.

“मैंने बोला, आगे बढ़ा. वो बोला, नहीं जाऊं. मैंने फिर बोला. फिर वही, नहीं जाऊं. और आगे कुछ अपनी बोली में बड़बड़ाया. गाली दी होगी. गाली तो मैंने भी दी. मां की दी.” रतिराम खोकले. “फिर गोला लगा. हम तीन ऊपर से कूद गए. वो अंदर रह गया. बाद में निकाला तो हाथ डंडे पे जमे हुए थे. लड़का था. डर गया होगा.”

नक्की हेच शब्द होते का, असे मार्तंडरावांनी चाचरत विचारले.

“मास्टरजी, जो सुना वही साहब को बताया. अपनी तरफ से कुछ नहीं जोड़ा.”

मार्तंडरावांनी फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांच्या पत्नी चारुलताबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. रिसीव्हरबाहेर येणारा खणखणीत आवाज त्यांनीही ऐकला होता. त्यांनी ओंजळभर सोले पातेल्यात टाकले आणि पुढची शेंग घेतली.

“म्हणजे ‘हो’ असंच लिहावं लागणार,” मार्तंडराव म्हणाले.

“मग लिहा.”

त्यांनी पेनाचे टोपण काढले. पुन्हा लावले.

एकाहत्तर साली ते अकोल्याला कॉलेजात शिकत होते. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी नांदुऱ्याच्या स्टेशनावर जाऊन बसत. त्या वर्षी लष्करी गाड्या जात होत्या. उघड्या वाघिणींवर ताडपत्रीने झाकलेले मोठमोठे आकार, त्यांच्या सावलीत पाय सोडून बसलेले जवान. एकदा एका जवानाने त्यांच्याकडे पाहून हात हलवला. मार्तंडचा हात वर गेला तोवर ती वाघीण सिग्नलपलीकडे गेली होती. त्या ताडपत्र्यांखाली काय होते आणि ते कुठे गेले, याचे वाचन त्यांनी पुढे नोकरीभर केले. निवृत्तीनंतर त्याचे पुस्तक झाले. त्यात पदरचे एक वाक्य नव्हते. प्रत्येक विधानाला तळटीप होती.

‘एका रणगाड्याच्या चालकाने पुढे जाण्यास नकार दिला, तो रणगाडा उसाच्या कडेला नष्ट झाला.’ हेही वाक्य इंग्रजी इतिहासातून इमानाने उतरवलेले होते. नाव तिथे नव्हते, म्हणून इथेही नव्हते. पण पुस्तकाच्या शेवटी मार्तंडरावांनी मोठ्या हौसेने एक पान जोडले होते: त्या लढाईत कामी आलेले बुलढाणा जिल्ह्यातले जवान. त्यात शालिग्राम डव्हळे, सुलतानपूर, रणगाडाचालक, उसाच्या रानाजवळ वीरमरण. दोन पाने शेजारी ठेवून वाचणारा कोणी गावात निघेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. आपले पुस्तक कोणी शेवटपर्यंत वाचेल हेच मुळात त्यांना खरे वाटत नव्हते.

सुलतानपूरच्या ग्रामपंचायतीने शाळेच्या फाटकाला शालिग्रामचे नाव द्यायचे ठरवले होते. पाटीवर लिहायला माहिती हवी म्हणून कोणीतरी पुस्तक मागवले. पुस्तक आले, वाचले गेले. फाटक रंगवून झाले, नाव घालायचे राहिले. आता सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत त्याचा निकाल लागणार होता. पत्र लिहून देणारी रुपाली, सोजराबाईंच्या दिराची नात, हिने गेल्या आठवड्यात फोन करून तेवढे कळवले होते. आजी रागावली नाही, म्हणाली होती. उत्तर आलं नाही तर नाही आलं, पण मग ग्रामसभेत तेच सांगावं लागेल, की विचारलं होतं आणि सरांनी उत्तर दिलं नाही.

“मी स्वतः जाऊन सांगतो,” मार्तंडराव म्हणाले.

चारुलताबाईंनी पहिल्यांदाच हातातले काम थांबवले. “भाजीवालीला पालक शिळा आहे म्हणून सांगता येत नाही तुम्हाला. घरी आणता आणि मला म्हणता, जरा मऊ दिसतोय.”

“पत्रात नुसतं ‘हो’ लिहून पाठवायचं, हे बरं दिसत नाही.”

“दिसायचं काय आहे त्यात,” त्या म्हणाल्या. पण सकाळी उठून त्यांनी दशम्या करून दिल्या.

खामगावला बस बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. वाटेत मार्तंडराव एकच वाक्य जुळवत होते. त्या वयात, त्या परिस्थितीत, कोणाचेही पाऊल अडले असते, असे काहीसे. मग त्यांना वाटले, हे सांगायचा आपल्याला काय अधिकार. आपले पाऊल तर स्टेशनाच्या बाकावरूनही पुढे पडले नव्हते. सुलतानपूरला उतरेपर्यंत वाक्य तयार झाले नव्हते.

घर गावाच्या टोकाला होते, मागे मेथीचे आणि वांग्याचे वाफे. ओट्यावर गोधडी पसरून एक सुरकुतलेली, ताठ बाई बसली होती. रुपालीने खुर्ची आणून ठेवली आणि पाणी आणायला आत गेली.

“तुमीच काय सर?” सोजराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. “पुस्तकावर तं भरगच्च दिसता. कवाचा फोटो हाय थो?”

“जुना आहे,” मार्तंडराव म्हणाले, आणि उगाच कानामागचे विरळ केस नीट केले.

सोजराबाईंनी लगेच काही विचारले नाही. दुसरेच सांगत राहिल्या. शालिग्राम पलटणीत जाण्याआधी मेहकरच्या एका बागायतदाराकडे ट्रॅक्टर चालवत होता. पंचक्रोशीत तेव्हा एवढा एकच ट्रॅक्टर. लग्नाला तो तोच घेऊन आला, आणि वरात बैलगाडीतून काढायची की ट्रॅक्टरवरून यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे भांडण झाले. सुट्टीवर आला की नवऱ्याची मोडकीतोडकी हिंदी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढे सगळे गाव त्यांना फौजीन म्हणू लागले. सव्वीस जानेवारीला झेंड्याजवळ त्यांची खुर्ची असायची. मागच्या वर्षीही खुर्ची होती, पण भाषण करणाऱ्या सरपंचाने त्यांच्याकडे पाहायचे टाळले. बसस्टँडवर टेंपोवाली पोरे मागून विचारू लागली, फौजीन आजी, गाडी पुढं जाते का नाई?

“म्या त्या एकाले म्हणलं, तुह्या बापाचा टेंपो बंद पडे तवा म्याच धक्का मारत होती. त्याले इचार.” त्या हसल्या. हसू लगेच आवरले. “पण आयकू येते नं, सर. म्हातारी झाली तरी कान हाय.”

मार्तंडरावांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता.

“आता सांगा,” सोजराबाई म्हणाल्या. “म्या रुपालीले म्हणलं, सर बसनं इतके दूरवर येऊन राह्यले म्हंजे ‘हो’च असन. ‘नाई’ असतं तं घरूनच लिवून टाकलं असतं.”

मार्तंडरावांनी तोंड उघडले. रतिरामांचे शब्द त्यांच्या ओठांशी आले आणि तिथेच थांबले. समोर दाराच्या चौकटीतून आतल्या भिंतीवरचा फोटो दिसत होता. काळी बॅरे टोपी, छायाचित्रकाराने रंगवलेले गुलाबी ओठ, आणि मिशी यायला लागलेल्या पोराचा कडक चेहरा.

त्यांना सवड द्यावी म्हणून असेल, सोजराबाईंनी मांडीवरची सुई उचलली. दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, पीळ दिला आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा नाक्याच्या बाजूने निघून गेला. त्यांनी पुन्हा टोक ओले केले.

“नाई जाऊन राह्यला,” त्या पुटपुटल्या.

तिसऱ्यांदा दोरा वाकला.

“नाई जाऊन राह्यला.”

मदत करायला मार्तंडरावांचा हात पुढे झाला होता. तो अर्ध्यावर थांबला. पेल्यातले पाणी त्यांच्या धोतरावर सांडले. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

“काय म्हणालात तुम्ही?”

“मी? काई नाई. दोरा म्हणलं, नाई जाऊन राह्यला. डोये कामातून गेले.”

“तसं नाही. आत्ता म्हणालात तसं म्हणा. दोरा म्हणू नका.”

सोजराबाईंनी रुपालीकडे पाहिले. रुपालीने खांदे उडवले.

“नाई जाऊन राह्यला,” म्हातारी सावकाश म्हणाली, लहान मुलाला समजवावे तशी.

मार्तंडरावांचे ओठ हलले. नाई जाऊन. घाईत म्हटले तर त्यातला ‘न’ नाकातच राहत होता. नाई जाऊं. आणि मागे उरलेले ‘राह्यला’ म्हणजे रतिरामांना शिवी वाटलेले ते पुटपुटणे. त्यांनी डोळे मिटून घेतले. लहानपणी अंगणात खेळताना तोंडातून ‘जाऊन राह्यलो’ निघाले की वडील आत बोलावत, कान धरून शुद्ध वाक्य दहादा म्हणवून घेत. कचेरीतला माणूस, पोराची जीभ बिघडू नये म्हणून जपायचा. तेव्हापासून ही बोली त्यांनी कानावरून जाऊ दिली होती, कानात राहू दिली नव्हती. काल टेलिफोनवर रतिराम बोलत असताना ते ऐकत नव्हते. मनातल्या मनात हिंदीत लिहून घेत होते.

“एक विचारू?” मार्तंडरावांनी पेला खाली ठेवला. “ट्रॅक्टरचा गिअर अडकला, टाकायला जावा तर पडेना, तर तुमच्याकडे काय म्हणतात?”

“गेर नाई जाऊन राह्यला म्हंतो,” रुपाली दारातून म्हणाली. “मंग अजून काय म्हणाव?”

“आणि शालिग्राम? तेही असंच बोलायचे?”

“पलटणीतली हिंदी सोडली तं त्यायले दुसरी बोली येतच नोती,” सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी सुई खाली ठेवली. “काऊन? काय झालं सर?”

सांगून टाकावे असे त्यांना फार वाटले. बाईंचा चेहरा समोर होता आणि शब्द तोंडात होता. पण हे नुसते आपल्याला वाटले आहे. ‘राह्यला’ म्हणजे तो, गेर. ‘राह्यलो’ म्हणजे मी. एका स्वरात सगळा निकाल होता, आणि तो स्वर ऐकणारा माणूस एकच होता, हरियाणात. आज ‘नाही’ म्हणावे आणि उद्या ‘हो’ निघावे, असे या बाईंच्या बाबतीत दुसऱ्यांदा होऊन चालणार नव्हते.

“मला एका माणसाला अजून एक गोष्ट विचारावी लागेल,” ते म्हणाले.

सोजराबाईंनी खाली ठेवलेली सुई उचलून गोधडीत टोचली.

“सर, तुमची बी गाडी अडकलीच म्हणा.” मग त्यांनी गोधडीवरून हात फिरवत सांगितले, “पण जे असन थे कागदावर द्या. तुमी कागदावर लिवलं, गावानं कागदावर वाचलं. तोंडी सांगसान तं म्हंतीन, म्हातारीनं जोडून आणलं.”

निघताना मार्तंडरावांनी सुई मागून घेतली. चष्मा वर सरकवला. दोरा नाक्यातून पलीकडे आला.

“गेला,” सोजराबाई म्हणाल्या, आणि सुई त्यांच्या हातून घेतली.

घरी आल्यावर चारुलताबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्यांना आनंद झालेला दिसला. मग त्यांचा चेहरा बदलला.

“म्हणजे तुम्ही त्या रिसालदारांना विचारणार.”

“विचारल्याशिवाय नक्की कसं होणार?”

“आणि त्यांनी अर्थ विचारला तर?”

बसमध्ये मेहकरपासून मार्तंडराव याच जागी येऊन थांबत होते. विचारायचे म्हणजे सांगायचे. ऐंशी ओलांडलेला माणूस. आपण भित्र्या पोराला शिवी दिली एवढेच ओझे घेऊन त्याचे आयुष्य गेले होते, आणि ते ओझे त्याला उचलता येण्यासारखे होते. गेरशी झगडणाऱ्या पोराला आपण भित्रा ठरवले, हे तसे नव्हते. 

“त्यांना न विचारताच लिहा,” चारुलताबाई हळू म्हणाल्या. “तुम्हाला पटलंय ना?”

“मला नेहमीच काही ना काही पटतं,” मार्तंडराव म्हणाले. “ते पुस्तकही मला पटलंच होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला. या वेळी समोर लिहिलेला कागद नव्हता. रिसालदार साहेब, मी काही वाक्ये म्हणणार आहे, त्यांनी अडखळत्या हिंदीत सांगितले. अर्थ लावू नका, नुसते कान द्या. त्या दिवशी हेडफोनमध्ये आले ते यात असले तर सांगा, नसले तर नाही म्हणा. मला खूश करायला काही म्हणू नका.

“बोलो,” रतिराम म्हणाले.

“नाही जाणार.”

“ना.”

“मी नाही जात.”

“ना.”

मार्तंडरावांनी ओठ ओले केले. “नाई जाऊन राह्यलो.”

पलीकडे थोडी हालचाल झाली, बाज करकरल्यासारखी. “ये उसके आसपास का है. पर ये नहीं. आखिर में कुछ और था.”

चारुलताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मार्तंडरावांनी त्यांच्याकडे पाठ केली, आणि वडिलांनी कान धरून जिभेवरून पुसून टाकलेल्या बोलीत, दमलेल्या माणसाने पुटपुटावे तसे म्हणाले, “नाई जाऊन राह्यला.”

दूर कुठेतरी म्हैस ओरडली. 

“फिर बोलो.”

“नाई जाऊन राह्यला.”

“यही.” रतिरामांचा आवाज एकदम तरुण झाला होता. “रायला. आखिर में ला था. यही बोला, दोनों बार यही. तुमको कैसे मालूम?” आणि मग, जरा थांबून, “इसका मतलब क्या है, मास्टरजी?”

वेगळा एखादा अर्थ देता आला असता. शब्दांतच त्यांचा जन्म गेला होता, एखादा मऊ शब्द सापडला असता.

“गेर नहीं जा रहा है,” मार्तंडराव म्हणाले.

फोन तुटला असावा असे त्यांना वाटले. त्यांनी दोनदा हॅलो म्हटले.

“उस गाड़ी में मोड़ने के डंडे दो होते हैं,” रतिराम बोलू लागले. एकेक शब्द वेगळा ठेवल्यासारखे बोलत होते. “एक दायां, एक बायां. डरा हुआ आदमी उनको पकड़ेगा. उसके दोनों हाथ बीच वाले पे थे. गेर के डंडे पे. उंगलियां मैंने छुड़ाई थीं. मैंने. और मैं ऊपर से...”

वाक्य तिथेच राहिले. मार्तंडरावांनी ते पुरे करायला मदत केली नाही.

“घर में कौन है उसके?”

“पत्नी आहे,” मार्तंडराव मराठीतच म्हणून गेले. रतिरामांना ते समजले.

“उनको लिखो, दफेदार रतिराम ने गलत सुना. मेरा नाम लिखना. और इधर-उधर घुमा के मत लिखना.”

दुपारभर मार्तंडराव टेबलाशी बसले. चारुलताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कागद पुरा झाला होता. त्यांनी उभ्यानेच वाचला. पहिल्या ओळीत सोजराबाईंना नमस्कार होता. दुसऱ्या ओळीत एकच शब्द होता: नाही. त्याखाली, काय बोलले गेले, कोणी ऐकले, कोणत्या शब्दाचा काय समज झाला आणि हात कुठे होते, हे सरळ लिहिले होते. दफेदार रतिराम यांचे नाव होते, आणि ते वाक्य न तपासता मराठीत आणणाऱ्या मार्तंड पाठकांचेही.

“‘बहुधा’ नाही कुठे,” चारुलताबाई म्हणाल्या.

“या खेपेला बसत नव्हतं.”

मग त्यांनी कपाटातून पुस्तकाची स्वतःची प्रत काढली. जन्मात कधी पुस्तकाचा कोपरा दुमडला नव्हता, कोणी दुमडला तर ग्रंथालयात ते माणसाशी बोलत नसत. त्यांनी पट्टी लावून ते पान मुळापासून फाडले. नकाराच्या वाक्यावर आडवी रेघ मारली, समासात नवे वाक्य लिहिले, खाली सही केली, आणि पान पत्राबरोबर घडी घालून लिफाफ्यात ठेवले. लिफाफा फुगला.

ग्रामसभेला अजून आठवडा होता. खिडकीवर स्पीड पोस्टने द्या, चारुलताबाईंनी सुचवले होते. पण मार्तंडराव स्वतःला ओळखून होते. कारकुनाने शिक्का मारेपर्यंत त्यांनी लिफाफा पुन्हा एकदा वाचायला मागून घेतला असता. म्हणून ते पोस्टाबाहेरच्या लाल पेटीसमोर उभे राहिले. पेटी नव्याने रंगवली होती आणि तोंडावरची झडप रंगात चिकटून अर्धवटच उघडत होती. त्यांनी लिफाफा आत सारला. तो मध्येच अडला. त्यांनी बाहेर काढून पालथा केला, पुन्हा सारला.

मागे मोतीराम हमाल सायकल धरून उभा होता. स्टेशनावर त्याने हयात घालवली होती, आणि मार्तंडरावांना तो त्यांच्या त्या बाकावरच्या दिवसांपासून ओळखत होता.

“काऊन सर,” तो म्हणाला, “नाई जाऊन राह्यला काय?”

मार्तंडरावांनी दोन्ही अंगठे लिफाफ्याच्या कडेवर टेकवले आणि जोर दिला. आत, पेटीच्या तळाशी, काहीतरी आपटले.

“गेला,” ते म्हणाले.